करमळीच्या तळ्यावरच्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

तुमच्याकडे स्मार्टफोन नाही, त्यामुळे हे पत्र मीच तुम्हाला वाचून दाखवणार आहे. तरी ते सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण ज्यांच्याबरोबर मी चार वर्षं पक्ष्यांमागे धावले त्यांच्याही कानावर ते जायला हवं. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते रुचणार नाही.

डिसेंबरातला रविवार होता. आदल्या संध्याकाळी पक्षी बघणाऱ्यांच्या ग्रुपवर फोटो आला होता, गोव्यातल्या करमळीच्या तळ्यावर एक सहसा न दिसणारं बदक उतरल्याचा. मी अंधारातच फोंड्याहून निघाले आणि उजाडता उजाडता बांधावर पोचले. दोन तास दुर्बीण या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली. बदक गेलेलं होतं. चडफडत बॅग आवरायला लागले, तेवढ्यात गुरं सोडून परत येणारे तुम्ही थांबलात. काय बघायला आलीस विचारलंत. मी म्हटलं, काहीच दिसलं नाही. तुम्ही तळ्याकडे नजर टाकलीत. पाणी अडया बदकांनी काळं झालं होतं. "बस गो बाय," एवढंच म्हणालात आणि स्वतः बांधावर टेकलात.

समोर एक जांभळी पाणकोंबडी होती. पाहिलेल्या पक्ष्यांच्या माझ्या यादीत तिच्यावर पहिल्याच वर्षी खूण झालेली, त्यानंतर मी तिच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. तिनं चोचीनं एक देठ उपटला, लांब लाल बोटांच्या मुठीत धरला, आपण ऊस धरतो तसा, आणि वरची साल सोलत आतला मऊ गर खाल्ला. मग दुसरा देठ. मधेच शेपटी झटकली की खालची पांढरी पिसं लखकन दिसायची. शेजारून कोकण रेल्वेची गाडी धडधडत गेली. तिनं मानही वर केली नाही. पाऊण तासानं ती आमच्यापासून पंधरा पावलांवर चरत होती. इतक्या जवळ कुठलाच पक्षी माझ्याकडे कधी आला नव्हता, कारण मीच कधी थांबले नव्हते.

काका, त्या दिवशी मी तुम्हाला एक गोष्ट सांगितली नाही. त्याआधीच्या वर्षी आम्ही आठजण मोलेच्या जंगलात बेडूकतोंड्या बघायला गेलो होतो. हा रात्रीचा पक्षी. दिवसभर वाळक्या पानासारखा एकाच फांदीवर निश्चल बसून राहतो, बहुतेक जोडीनं, आणि तीच त्याची सारी सुरक्षितता. आम्ही मोबाइलवर त्याची साद वाजवली. फोटोच्या आड येते म्हणून एक डहाळी मोडली. मोडणारा हात माझा होता. पुढच्या आठवड्यात गेलेल्यांना ती फांदी रिकामी दिसली. ते आमच्यामुळेच गेले की नाही, हे मला कधीच कळणार नाही. पण मोडलेली डहाळी आठवते. त्यानंतर मी साद वाजवलेली नाही, आणि ते टिकलं ते तुमच्या बांधावर बसल्यामुळे.

दुर्मीळ पक्षी दिसल्याचा आनंद खोटा नसतो, हे मी आजही म्हणेन. चोडणच्या खारफुटीत पहिल्यांदा पांढऱ्या गळपट्ट्याचा खंड्या दिसला तेव्हा माझे हात थरथरत होते. पण त्या आनंदाला घाई फार. तो दिसला की संपतो, आणि लगेच पुढच्याची भूक लागते.

मग या भाद्रपदात, चतुर्थीनंतर, तुम्ही मला कमळपक्ष्याचं घर दाखवलंत. पानांवर चालणारा बाप आणि त्याच्या मागे लांबच लांब बोटांची चार पिल्लं. या पक्ष्यांत अंडी उबवणं आणि पिल्लं वाढवणं नराकडे असतं, मादी मोठी आणि दुसऱ्या नरासाठी पुन्हा अंडी घालायला मोकळी. हे मी वाचलं होतं. वर घार आली तेव्हा बाप खाली वाकला, पंख किंचित उचलले, पिल्लं आत शिरली, आणि तो उठून चालू लागला. पंखांखालून पिल्लांचे पाय लोंबत होते, मोजले तर आठ. तुम्ही हळूच हसलात. मला रडू आलं, तुम्हाला दिसलं असेल.

तुमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या चौकटींत पेन्सिलीनं लिहिलेलं असतं, अडया आल्या, वारकरी गेले, नीलपंख तारेवर. (वारकरी हाही पाणपक्षीच.) त्या नोंदी आता मी ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदींच्या वेबसाइटवर, चढवते. 2023 मध्ये देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा मोठा अहवाल आला, 942 जातींचा. त्यातल्या 178 जातींना तातडीनं जपायला हवं असं त्यात म्हटलं आहे, आणि रोजचा म्हणून आपण मान वळवतो तो नीलपंखही कमी होतो आहे. हे कळलं ते हजारो साध्या माणसांच्या अशाच रोजच्या नोंदींवरून. तुमच्या पेन्सिलीची किंमत तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून सांगते.

तुम्ही मला बसायला शिकवलंत. मनापासून आभार, काका.

येत्या रविवारी सकाळी येते, येताना गरम पोळे आणते. तोवर अडया उतरल्या तर दिवस आणि आकडा, दोन्ही लिहून ठेवा.

तुमची,
बांधावरची बाय