खांब चार मिलिमीटरचा ठरला होता : धान्य शेडबद्दल तक्रार

दिनांक : 14 जुलै 2025
ता. निफाड, जि. नाशिक

प्रति,
मा. व्यवस्थापक,
शेड उभारणी विभाग,
नाशिक

विषय : माझ्या शेतावरील 30 बाय 60 फुटी लोखंडी धान्य शेडचे ठरल्यापेक्षा हलके व अर्धवट काम, मे महिन्यात झालेले नुकसान आणि दुरुस्तीची मागणी.

महोदय,

याआधी फोन करून झाले. व्हॉट्सॲपवर फोटो टाकून झाले, तिथे दोन निळ्या टिकांपलीकडे काही आलं नाही. तुमच्या ऑफिसात दोनदा येऊन चहा पिऊन गेलो. आता हे पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवतो आहे, म्हणजे निदान पोचपावती तरी हातात राहील.

गेल्या दिवाळीनंतर तुमचे विक्री प्रतिनिधी माझ्या ओट्यावर बसून कोटेशन देऊन गेले. 30 बाय 60 चं शेड, वळचणीला उंची 14 फूट, चौरस फुटाला 550 रुपये, जोतं आणि कोबा धरून. एकूण 9,90,000 रुपये. त्यातले 8,90,000 तुम्हाला पोहोचले आहेत. राहिलेला एक लाख मी अडकवून ठेवला आहे अशी तुमच्या अकाउंट विभागाची तक्रार आहे. ते बरोबरच आहे, मी तो जाणूनबुजून ठेवला आहे.

शेड कशासाठी बांधलं हेही सांगतो, कारण तुमच्या माणसाला ते शेवटपर्यंत कळलं नाही, तो त्याला ‘गोदाम’ म्हणायचा आणि ट्रॅक्टर उभा करायची जागा असल्यासारखं बोलायचा. आमच्याकडे दोन एकर द्राक्ष सोडली तर बाकी गहू, सोयाबीन, मका. ऑक्टोबरात सोयाबीन मळणी यंत्रातून निघालं की ओलंसुकं तसंच लासलगावला न्यायचं, त्याच आठवड्यात सगळा तालुका तिथे आलेला असतो, आणि मिळेल त्या भावात पावती फाडून परत यायचं. हे तीस वर्षं केलं. आजोबांच्या वेळी शेणाने सारवलेल्या कणग्या होत्या, त्यात कडुनिंबाचा पाला घालून गहू वर्षभर राहायचा. पण सत्तर क्विंटलला कणगी पुरत नाही. म्हणून कृषी पायाभूत सुविधा निधीतून कर्ज काढलं. व्याजात 3 टक्के सवलत आहे, हप्त्याला मात्र सवलत नाही, तो दर महिन्याला जातो.

आता मुद्द्याचं. कोटेशनमध्ये खांब 100 बाय 100 मिलिमीटरचा चौकोनी पाइप, जाडी 4 मिलिमीटर, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. काम चालू असताना तुमच्या वेल्डरने एका खांबाचं वरचं टोक कापलं. तो तुकडा मुलाने बैलगाडीखाली टाकून ठेवला होता, कशाला तरी उपयोगी येईल म्हणून. मे महिन्यात नुकसान झाल्यावर तो मला आठवला. टेपने मोजला, बरोबर एक फूट भरला. द्राक्षाच्या पॅकिंगसाठी घरात इलेक्ट्रॉनिक काटा आहे, त्यावर ठेवला. 2 किलो 740 ग्रॅम. चार मिलिमीटरच्या अशा पाइपचं वजन मीटरला पावणेबारा किलोच्या आसपास, म्हणजे फुटाला साडेतीन किलोहून थोडं जास्त यायला हवं. फुटाला पावणेतीन किलो म्हणजे तो तीन मिलिमीटरचा पाइप झाला. तरी मी म्हटलं, काटा चुकला असेल. पुतण्या अंबडच्या कारखान्यात टूलरूमला आहे. रविवारी तो घरी आला तेव्हा त्याच्याकडून जाडी मोजायचा व्हर्नियर लावून घेतला. चारही भिंतींना लावला. कुठे 2.9, कुठे 3.0. चार कुठेच नाही.

दहा खांब, प्रत्येकी 14 फूट. हिशोब केला तर तुमचं जेमतेम 118 किलो लोखंड वाचलं आहे, आजच्या भावाने आठ-दहा हजारांचं. दहा लाखांच्या कामात. एवढ्यासाठी तुम्ही हे केलं असेल यावर सुरुवातीला माझा विश्वास बसेना. मग वाटलं, एका ठिकाणी केलं असेल तर आणखी कुठे कुठे केलं असेल, आणि मी शिडी लावून वर चढलो.

तुम्ही दिलेल्या ड्रॉइंगमध्ये शेडच्या दोन्ही टोकांच्या गाळ्यांत, बाजूला आणि छतात, फुलीसारखे तिरपे गज दाखवले आहेत. हे गज वाऱ्याचा जोर छताच्या एका कैचीवरून दुसरीवर आणि तिथून खाली जमिनीत नेतात, असं तुमच्याच इंजिनिअरने मला पेन्सिलने काढून समजावलं होतं. प्रत्यक्षात बाजूला एका टोकाला एक जोडी आहे. दुसऱ्या टोकाला काही नाही. छतात एकही गज नाही. मी काम चालू असताना विचारलं होतं, तेव्हा ‘ते शेवटी येतं काका’ असं उत्तर मिळालं. शेवट होऊन आज साडेतीन महिने झाले.

पत्र्याखालच्या पर्लिन, म्हणजे पत्रे ज्यांवर बसतात त्या आडव्या पट्ट्या, ड्रॉइंगप्रमाणे चार फुटांवर हव्या होत्या. मोजल्या तर साडेचार, एके ठिकाणी पावणेपाच. वळचणीच्या आणि आढ्याच्या कडेला स्क्रू जास्त लागतात, कारण वारा पत्र्याला आधी कडेला धरतो. तिथे उलट एक पन्हळ सोडून एक स्क्रू मारलेला आहे, आणि बऱ्याच स्क्रूंचे रबरी वायसर इतके आवळलेत की ते बाहेर फुलून फाटले आहेत. पाणी आत येतं ते तिथूनच.

यंदाचा मे महिना तुम्हाला आठवत असेल, नाशिक जिल्ह्यात उन्हाळा राहिलाच नाही, कांदा शेतात सडला. त्या दुसऱ्या पंधरवड्यातल्या एका संध्याकाळी पश्चिमेकडून वारा आला. शटर अर्धं उघडं होतं, मी ते बंद करायला धावलो तोवर आत शिरलेल्या वाऱ्याने पत्रे आतून फुगवायला सुरुवात केली होती. तो आवाज मी विसरणार नाही, कोणीतरी मोठं पिंप वाजवत असल्यासारखा. मग टप्प टप्प स्क्रू सुटायला लागले आणि पूर्वेच्या टोकाचे चार पत्रे एकापाठोपाठ उचकटून शेजारच्या द्राक्षबागेत गेले. बागेत त्या वेळी माणूस नव्हता, एवढंच देवाचे आभार मानण्यासारखं.

आत शंभर किलोची नव्हे, पन्नास किलोची 140 पोती गहू थप्पीला लावलेला होता. एप्रिलमध्ये दाणा दाताखाली कट्ट वाजेपर्यंत वाळवून, मग पोती शिवली होती. त्या रात्री आम्ही घरातल्या सगळ्या ताडपत्र्या आणि लग्नाची जुनी कनातसुद्धा टाकली. तरी 41 पोती भिजली. 11 पोती ओट्यावर पसरून, पंखे लावून वाचवली. उरलेल्या 30 पोत्यांचं काय झालं ते चौथ्या दिवशी कळलं. थप्पीच्या मधल्या पोत्यात हात घातला तर आत गरम लागलं, आणि गोणपाटाच्या विणीतून पांढरे कोंब बाहेर आले होते, मूग मोड आल्यासारखे. तो गहू माणसाला नाही, गुरांनाही जपूनच घातला. 15 क्विंटल, यंदाच्या 2,425 रुपये हमीभावाने 36,375 रुपये. बाजारात जास्त मिळाले असते, पण मी हमीभावच धरतो आहे, म्हणजे वाद नको.

यावर तुमच्या साइट इंजिनिअरचं फोनवरचं उत्तर असं : नैसर्गिक आपत्ती आहे, कंपनी काही करू शकत नाही. साहेब, तुमच्याच कोटेशनच्या दुसऱ्या पानावर लिहिलं आहे की शेड सेकंदाला 39 मीटर वाऱ्यासाठी डिझाइन केलेलं आहे. भारतीय मानक 875 च्या तिसऱ्या भागात नाशिकसाठी हाच आकडा आहे. 39 मीटर म्हणजे ताशी 140 किलोमीटर. त्या संध्याकाळी बांधावरचं बाभळीचं झाड उभं राहिलं, आणि शेजाऱ्याच्या गोठ्यावरचे जुने पत्रे, ज्यांच्यावर नुसते दगड ठेवलेले आहेत, तेसुद्धा जागेवर राहिले. ताशी 140 च्या वाऱ्यात दगड ठेवलेला पत्रा राहतो का, हे तुम्हीच सांगा. आपत्ती आली असती तर तक्रार केली नसती. आमच्याच तालुक्यात ओझरला सुखोई विमानं जुळवतात, आणि मला एक शेड सरळ उभं करून मिळत नाही.

आणि खरी काळजी पत्र्यांची नाहीच. पत्रे परत बसतात. काळजी खाली आहे.

आमची जमीन काळी आहे. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती फुगून येते. म्हणून पायाचे खड्डे खाली पिवळा मुरूम लागेपर्यंत, पाच फूट, खणायचे ठरले होते. मुलाने काढलेल्या फोटोत खड्ड्यात टेप धरलेला आहे आणि तो तीन फुटांना टेकला आहे, खाली काळीच माती दिसते. तुमचा मुकादम म्हणाला, इथे दगड लागला. दगड लागला तर तो फोटोत दिसला असता.

खांबाच्या तळाच्या बेसप्लेटला चार बोल्ट. बोल्ट काँक्रीटमध्ये आधीच बसवलेले, त्यांची जागा चुकली, म्हणून प्लेटचं भोक गॅसने कापून लांबट केलं. लांबट भोकावर जाड चौकोनी वायसर टाकून वेल्ड करतात हे मलासुद्धा आता माहीत झालं, पण तुमच्या माणसांनी साधा गोल वायसर टाकून वर नट फिरवला. पावसाळ्याच्या तोंडावर मी उत्तरेकडच्या तिसऱ्या खांबाचा नट हाताने फिरवून पाहिला. पान्याने नाही, हाताने. तो फिरला. प्लेट आणि काँक्रीट यांच्यात भरायचं सिमेंटचं ग्राउट कुठेच नाही. नात तिसरीत आहे, तिची कंपासपेटीतली पट्टी त्या फटीत सहा इंच आत सरकली. पट्टी तशीच आत ठेवून फोटो काढला आहे, तो सोबत जोडला आहे.

जोतं दोन फूट ठरलं होतं, सव्वा फूट आहे. शटर आणि कोबा यांच्यात मागच्या बाजूला दोन बोटं फट आहे, उंदीर सुखाने ये-जा करतात. कोब्याखाली प्लास्टिकचा कागद टाकला की नाही ते आता फोडल्याशिवाय कळणार नाही, पण थप्पीखालचे लाकडी पाट खालून ओले लागतात, म्हणजे टाकला नसावा. रंगकाम मात्र झकास आहे. पाण्याची पन्हळही चांगली बसवली आहे, आणि तुमचा वेल्डर पोरगा हुशार होता, जे सामान त्याच्या हातात आलं त्याचं त्याने मन लावून काम केलं. सामान कोणी पाठवलं हा प्रश्न त्याला विचारण्यात अर्थ नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. शेड पाडून नवीन द्या असं मी म्हणत नाही, आणि मला तुमच्याशी भांडत बसायला वेळही नाही. तुमच्या कंपनीचा नव्हे, बाहेरचा परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअर आणा, त्याची फी तुम्ही द्या. त्याने तीन मिलिमीटरचे खांब, पाया आणि बेसप्लेट तपासून लेखी सांगावं की काय जोडलं म्हणजे हे शेड 39 मीटरचा वारा सोसेल. खांबांना बाहेरून पट्ट्या लावून वेल्ड करायच्या की आणखी काही, ते तो ठरवेल, मी नाही आणि तुम्हीही नाही. त्याच्या सांगण्याप्रमाणे तिरपे गज, जादा पर्लिन, स्क्रू, वायसर, ग्राउट हे सगळं तुमच्या खर्चाने बसवा. शटरची फट बुजवा. गव्हाचे 36,375 रुपये आणि खांबांतल्या लोखंडाचा फरक मी अडकवलेल्या एक लाखातून वजा करून उरलेली रक्कम, इंजिनिअरचं पत्र हातात आलं की त्याच दिवशी तुमच्या खात्यावर टाकतो.

हे सगळं 15 सप्टेंबरच्या आत व्हायला हवं. त्यानंतर सोयाबीन काढणीला येतं, मागोमाग मका, आणि मळणी झाल्यावर पोती ठेवायला माझ्याकडे दुसरी जागा नाही. बँकेचे अधिकारीही पाहणीला येणार आहेत, त्यांना मी हेच शेड दाखवणार आहे आणि जे आहे ते सांगणार आहे.

पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रार दाखल करेन. दोन वर्षांची मुदत आहे, घाई मला नाही, पण ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 नंबरवर फोन करून कागद काय लागतात ते विचारून ठेवलं आहे. कोटेशन, ड्रॉइंग, पावत्या, खड्ड्याचे, पट्टीचे आणि उडालेल्या पत्र्यांचे फोटो यांच्या प्रती सोबत आहेत. मूळ कागद माझ्याकडे आहेत.

तुमचा माणूस कधीही येऊ शकतो, सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी पाचनंतर. मधल्या वेळात मी बागेत असतो. शिडी घरची आहे, नट आवळायचे पाने मात्र सोबत घेऊन या.

आपला,
निफाड तालुक्यातील ग्राहक
(नाव, गट नंबर व मोबाइल तुमच्या ऑर्डर फॉर्मवर आहेत)

ता. क. : खांबाचा तो एक फुटाचा तुकडा पत्रासोबत पाठवत नाही. तुमच्या काट्यावर वजन करायचं असेल तर काटा इकडे आणा.