राजीनाम्याबद्दल नाही, माझ्या ट्रेनिंगबद्दल

सोनू,

रविवारी तू फोन ठेवलास, मी परत लावला नाही, कारण परत तेच विचारलं असतं. म्हणून लिहितेय आणि तुझ्या राजीनाम्यावर एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवून बसलेय.

आमचं ट्रेनिंग संपलं. नियोजन म्हणे उलटं करायचं. आजवर मी जूनमध्ये पुस्तक घ्यायची, धडे महिन्यांवर वाटायची, झालं वार्षिक नियोजन, मग घटक, मग टाचण. आता आधी शेवट लिहायचा, घटक संपल्यावर पोराला काय करता आलं पाहिजे. मग ते आलंय हे कशावरून कळणार. शिकवायचं काय हे सगळ्यात शेवटी. विगिन्स आणि मॅकटाय या दोघा अमेरिकनांनी 1998 ला मांडलेलं, बॅकवर्ड डिझाइन. मला आधी वाटलं त्यात काय नवीन, अध्ययन निष्पत्तीचे, म्हणजे पोराला काय यायला पाहिजे त्याचे, रकाने आम्ही भरतोयच की. पण भरायचो धडा ठरल्यावर, साडीला मागनं फॉल लावल्यासारखं.

तूही आधी शेवट ठरवला असतास तर... जाऊ दे. पण पगार नसताना पुण्यातलं भाडं कुठनं देणारैस?

तर मी आलेखाचा घटक घेतला. शेवट लिहिला: पंचगंगेच्या पातळीचे आकडे दिले तर पोरगं आलेख काढून सांगेल, सामान हलवायचं का नाही. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा, 43 ला धोका, हे वर्गात सगळ्यांना पाठ. पण परवा 33, काल 36, आज 38, मग पाणी चढायचा वेग वाढलाय का कमी झालाय, म्हटल्यावर सगळे गप्प! वह्यांत मात्र रंगीत स्तंभालेख एकदम टकाटक. मग चार तास नुसते आकडेच घेतले, रेषालेख काढला, पोरं भांडायला लागली रे, माझं बरोबर तुझं चूक. एवढा गोंधळ आमच्या वर्गात कधी झाला नव्हता, हेडसर बघून गेले.

2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं तेव्हा तू बारावीत. आजीला पाठीवर घेऊन गुडघाभर पाण्यातनं आलास, परत मांजरासाठी गेलास, मी ओरडत होते तरी. तेव्हा तुला कुणी प्लॅन विचारला नव्हता. पप्पा अजून ते येईल-जाईल त्याला सांगतात, तुझ्यासमोर नाही.

पण ते दोन-चार दिवसांचं होतं, हे महिन्यामहिन्याचं आहे. दुसरीकडचं लेटर हातात यायच्या आधी सोडायला नको होतंस एवढंच माझं म्हणणं. बघ, परत शाळा सुरू झाली माझी, रागावू नकोस. तुला तिथं त्रास होता हे मला कळत होतं, दिवाळीत तू नीट झोपला नव्हतास.

पीएफ काढू नकोस, काही झालं तरी. भाड्याला कमी पडलं तर मला सांग, मित्रांकडं मागू नकोस. आणि पप्पांना तूच फोन कर, ते आपणहून करणार नाहीत. संध्याकाळी सातनंतर कर, तोवर ते तालमीकडनं आलेले असतात.

आई