उजव्या हाताचं पत्र

लाइपझिग, जर्मनी
बुधवार, २० नोव्हेंबर २०२४

ती. आई, ती. बाबा,
साष्टांग नमस्कार.

अक्षर बघून आई म्हणेल, हे कुणाचं? ओळी खाली घसरल्यात, काने वाकडे आलेत. माझंच आहे. असं का आलंय ते सांगायलाच बसलेय, पण आधी आजचा दिवस सांगते.

आज सुट्टी आहे. आठवड्याच्या मधोमध, आणि तीही फक्त आमच्या सॅक्सनी राज्यात. बाकीच्या राज्यांत ऑफिसं चालू, इथे सगळं बंद. इथलं ‘बंद’ बडोद्यात बसून लक्षात यायचं नाही. आपल्याकडे दुकानाचं शटर ओढलेलं असलं तरी ओट्यावर कुणीतरी बसलेलं असतं, स्कूटर जात असते, कुठल्या तरी घरात कुकरची शिट्टी होते. इथे सुट्टीला भिंतीत ड्रिल लावायचं नाही. रिकाम्या बाटल्यासुद्धा चौकातल्या पेटीत टाकायच्या नाहीत, कारण काचेचा खळ्ळकन आवाज होतो. त्यामुळे भाजी, दूध कालच आणून ठेवलं होतं. सकाळी आठला जाग आली तर बाहेर धुकं. समोरच्या झाडाला एक पान उरलेलं नाही. ट्राम फार लांबून येतानाही ऐकू येत होती. दहाला चर्चच्या घंटा सुरू झाल्या, बराच वेळ वाजल्या, मग पुन्हा काही नाही.

पहिल्या वर्षी अशा दिवसांची मला धास्ती वाटायची. दांडिया बाजारातल्या घरात मी वाढले. तिथे भिंतीपलीकडच्या घरात साखरेचा डबा उघडला तरी कळायचं. शांतता म्हणजे कुणाला तरी बरं नाही, एवढंच मला माहीत होतं. आता सवय झालीय. आज तर मी या दिवसाची वाटच बघत होते.

उठले आणि चहाला आलं किसलं. सहा आठवड्यांनी किसलं. आता सांगते.

७ ऑक्टोबरला, नवरात्रातल्या पाचव्या माळेला, मी सायकलवरून पडले. पाऊस होऊन गेला होता, रस्ताभर पानं पडलेली, आणि पुढचं चाक ट्रामच्या रुळात अडकलं. उजव्या मनगटाचं हाड मोडलं. ऑपरेशन लागलं नाही. सहा आठवडे प्लास्टर होतं, ते परवा सोमवारी काढलं. हाड नीट जुळलंय, डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला. मनगट अजून पूर्ण वळत नाही, सकाळी जरा सुजतं, पण दुखणं सोसवतं. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलंय, रोज थोडं हाताने लिहा आणि मऊ काहीतरी मळत जा. मी म्हटलं, आमच्याकडे कणीक मळतात. त्या म्हणाल्या, याहून चांगलं काय.

आई, दिवाळीला मी म्हटलं होतं की फोनचा कॅमेरा चालत नाही. चालत होता. तू पाडव्याला म्हणालीस, “सणाच्या दिवशी तोंडही दाखवलं नाहीस.” त्या वेळी हात टेबलाखाली मांडीवर होता आणि मी गप्प राहिले. तुझा आवाज दुखावलेला होता, तो मला कळला होता. तरी नाही सांगितलं. तुम्ही इतक्या लांबून नुसती काळजी करत बसाल, बाबांची झोप जाईल, असं मी स्वतःला समजावलं. माझं चुकलं.

आज दुपारी कणीक मळली. दोन वाट्या पीठ, चमचाभर तेल, कोमट पाणी. पहिली पाच मिनिटं हात ऐकेना. मूठ मिटत होती पण दाब पडत नव्हता, म्हणून डावा हात वर ठेवून दाबत गेले, तू मला लहानपणी शिकवताना माझ्या हातावर तुझा हात ठेवायचीस तसा. मग जमलं. चार पोळ्या झाल्या, एक फुगली. वरणात गूळ घातला, आपल्याकडे घालतात तेवढा. ताटात वाढून घेतलं आणि उजव्या हाताने जेवले. सहा आठवडे डाव्या हाताने चमच्याने जेवत होते. पहिला घास घेताना रडू आलं, ते दुःखाचं नव्हतं.

खालच्या मजल्यावरच्या आजींना दोन पोळ्या नेऊन दिल्या. आई, या आजींबद्दल तुला सांगायचंच होतं. चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत, एकट्या राहतात. प्लास्टरच्या दिवसांत रोज सकाळी सातला मी खाली जायची आणि त्या माझ्या बुटांच्या नाड्या बांधायच्या. खुर्चीत बसून, माझा पाय त्यांच्या गुडघ्यावर घेऊन. मला फार संकोच वाटायचा, त्यांना वाटायचा नाही.

आजची सुट्टी कसली, हेही त्यांनीच सांगितलं. ‘बूस उंड बेटटाग’ म्हणतात. प्रायश्चित्ताचा आणि प्रार्थनेचा दिवस. पूर्व जर्मनीच्या राजवटीत ही सुट्टी काढून टाकली होती, १९९० मध्ये परत आली. पुढे १९९५ मध्ये देशात नवा विमा सुरू झाला, म्हातारपणी किंवा आजारपणात ज्यांना रोजच्या कामाला माणूस लागतो त्यांच्यासाठी. त्याचा अर्धा भार मालकांवर पडणार, तर तो भरून निघावा म्हणून बाकी सगळ्या राज्यांनी ही सुट्टी सोडली, म्हणजे लोकांनी वर्षातला एक दिवस जास्त काम करायचं. एकट्या सॅक्सनीने ती ठेवली, आणि त्याबदल्यात इथले नोकरदार त्या विम्यात मालकांपेक्षा जास्त वाटा भरतात. माझ्याही पगारातून इतर राज्यांतल्या माणसापेक्षा अर्धा टक्का जास्त जातो. तो आकडा मी दर महिन्याला पगाराच्या कागदावर बघत होते, पण तो या बुधवारचा आहे हे ठाऊक नव्हतं.

आजींकडे रोज दोनदा एक बाई येतात, ते याच विम्यातून. अंघोळीला, कपडे घालायला मदत करतात, दोन शब्द बोलतात. आज सुट्टी असूनही आल्या. मी पोळ्या घेऊन गेले तेव्हा त्या निघत होत्या, आणि मला तुमचं दार दिसलं. तुमच्या दाराशी सकाळी कोण येतं? दूधवाला. समोरच्या बेन, वेळ असला तर. आई, सकाळच्या दोन तासांसाठी एखादी बाई ठेव, असं मी तीनदा म्हटलं आणि तीनदा तू म्हणालीस, “घरात परकं माणूस कशाला.” मी तरी कोण होते त्या आजींची? नाड्या बांधून घेतल्याच ना त्यांच्याकडून.

पण खरं सांगायचंय ते याच्याही पुढचं आहे. बाबा, हे तुम्हाला.

ऑगस्टमध्ये जन्माष्टमीला पाऊस लागला आणि दुसऱ्या दिवशी काळ्या घोड्याच्या पुलाजवळ विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली. मी इथे बातम्या बघत होते. घराच्या छपरावर मगर बसल्याचं चित्र ऑफिसातल्या लोकांनी मला दाखवलं आणि विचारलं, हे तुझंच गाव ना? दोन दिवस तुमचा फोन लागला नाही. तिसऱ्या दिवशी लागला तेव्हा तुम्ही म्हणालात, “मजामां, सगळं छान. थोडं पाणी आलं होतं, उतरलं.” तुमचा आवाज ऐकला तेवढंच मला पुरलं, मी पुढे काही विचारलं नाही.

गेल्या आठवड्यात समोरच्या बेननी दिवाळीच्या रांगोळीचे फोटो पाठवले. त्यात मागे आपल्या बैठकीची भिंत आली होती. भिंतीवर मातकट रेघ, स्विचबोर्डाच्याही वर. आणि पुस्तकांची मांडणी रिकामी. मी त्यांना फोन केला. मग कळलं की दोन दिवस तुम्ही दोघं वरच्या बिऱ्हाडात होता, दिवे नव्हते, प्यायचं पाणी मोजून घेत होता. पाणी उतरल्यावर बाबांनी पुस्तकं गच्चीवर उन्हात पसरली, ती वाकली, चिकटली, वास मारायला लागली, आणि शेवटी रद्दी घ्यायला पस्तीवाल्याला बोलावलं.

बाबा, जुना कागद वाचवणं हे माझं काम आहे. त्याच कामाचा मी पगार घेते. कारेलीबागेतल्या आताच्या घरात तुमची तीस वर्षांची पुस्तकं भिजत होती, त्यांत बडोदे संस्थानाने काढलेल्या श्री सयाजी साहित्यमालेतले ते जुने खंड होते, जे तुम्ही पस्तीच्या दुकानांतून एकेक करून जमवले आणि ज्यांना दर उन्हाळ्यात गव्हाची खळ करून कव्हरं घातली. ती खळ ढवळायला मी स्टुलावर उभी राहायची. इथे कामावर पहिल्या दिवशी मला गव्हाच्या स्टार्चची खळ करायला सांगितली तेव्हा ती मला येत होती, ती तुमच्यामुळे. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत तुम्ही मला काचेच्या जमिनीवरून हात धरून चालवलंत आणि सांगितलंत की खालच्या कपाटांना उजेड मिळावा म्हणून १९१० मध्ये सुरू झालेल्या लायब्ररीत असा विचार केलाय. मी या कामाला लागले ती तिथून.

तुम्ही त्या तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाला असता की पुस्तकं भिजली, तर मी फोनवर सांगितलं असतं: उन्हात घालू नका, भिजलेलं पुस्तक उघडू नका. जी थोडी ओली आहेत ती पंख्याखाली उभी करा. पानांमध्ये कोरे कागद घाला आणि तासातासाने बदला. जी चिंब आहेत ती एकेक करून प्लास्टिकमध्ये गुंडाळून कुणाच्या तरी फ्रीझरमध्ये ठेवा. गोठलेल्या कागदाला बुरशी धरत नाही, ती पुस्तकं महिनोन्‌महिने थांबतात. ओल्या कागदाला बुरशी दोन-तीन दिवसांत धरते. सगळी वाचली नसती, अर्धी तरी वाचली असती. तुम्ही मला त्रास नको म्हणून सांगितलं नाहीत आणि मी तुम्हाला त्रास नको म्हणून हात टेबलाखाली ठेवला. दोन्हीकडून ‘मजामां’ चाललं होतं.

मला यापुढे ते नको. मी रागावून लिहीत नाही, हात जोडून लिहितेय. बाबांचा गुडघा, आईचं बीपी, गळणारा नळ, पडलेली भिंत, जे असेल ते त्याच दिवशी सांगा. मला झोप नाही आली तर नाही आली. काळजी करायला मिळणं हा माझा हक्क आहे, तो लांब राहते म्हणून काढून घेऊ नका. मीही सांगेन. सुरुवात आज केलीय.

बेन म्हणाल्या की एक खोकं अजून माळ्यावर आहे, ते बाबांनी पस्तीत दिलं नाही. बाबा, ते घरात उघडू नका. कोरडी हवा आहे, हे दिवस चांगले आहेत. नाकावर रुमाल बांधा आणि खोकं गच्चीवर सावलीत न्या, उन्हात नाही. ज्यांवर पांढरी-हिरवी बुरशी दिसेल ती वेगळी काढा. मऊ कोरड्या ब्रशने, बांधणीकडून बाहेरच्या बाजूला हलक्या हाताने झटका. ओलं फडकं लावू नका. पानं चिकटली असतील तर ओढू नका, तशीच राहू द्या. तो कागद आधीच आम्लाने पिवळा आणि कुडकुडीत झालेला असतो, ओढला की तुकडाच हातात येतो. चिकटलेली मी सोडवीन. मार्चमध्ये तीन आठवड्यांची रजा घेतलीय, खळीने चिकटवायचा पातळ जपानी कागद बरोबर आणते. आईने फक्त पातेलं द्यायचं.

चार वाजून गेलेत आणि अंधार पडायला लागलाय. एवढं लिहायला दोन तास लागले, मध्ये तीनदा थांबून मनगट कोमट पाण्यात धरलं. या पत्राचे फोटो आत्ता व्हॉट्सअॅपवर पाठवतेय. कागद उद्या पोस्टात टाकीन, तो बाबांना हातात घेऊन बघायला आवडेल. तुमच्याकडे जेवणं व्हायची आहेत. फोटो वाचून झाले की मला फोन करा, कॅमेरा लावून. आधी हात दाखवते, मग तुम्ही मला भिंत दाखवा आणि माळ्यावरचं खोकंही.

आई, बाईचं बघ ना. बेनना मी विचारून ठेवलंय.

तुमची,
छकुली