बोगदानला अटक करायची काय गरज होती?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

'द थर्सडे मर्डर क्लब' हा सिनेमा ऑगस्ट २०२५ मध्ये नेटफ्लिक्सवर आला आणि तेव्हापासून बघतेय, त्याच्याबद्दल कुणाशीही बोलणं निघालं की दोनच उत्तरं मिळतात. ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही ते म्हणतात छान आहे की, मस्त म्हातारी माणसं आहेत, दोन तास बरे गेले. आणि ज्यांनी वाचलंय ते एवढे चिडलेले असतात की काय काय कापलं याची यादीच सुरू करतात. मी पुस्तक वाचलेल्यांपैकी, आणि चिडलेल्यांपैकीही, पण माझा राग त्या यादीवर नाहीये, बोगदान या पात्राचं सिनेमाने जे केलं त्यावर आहे, म्हणून हे पत्र. एक आधीच सांगते, ज्यांनी ना पुस्तक वाचलंय ना सिनेमा बघितलाय त्यांनी इथेच थांबावं, कारण शेवटाबद्दल बोलल्याशिवाय मला मुद्दा मांडताच येणार नाही.

ज्यांना काहीच माहीत नाही पण तरी वाचणार आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात. रिचर्ड ऑस्मन हा ब्रिटिश टीव्हीवरचा लोकप्रिय सूत्रसंचालक, त्याची आई निवृत्त लोकांच्या वसाहतीत राहते, तिथे जाता येता त्याला ही कल्पना सुचली आणि २०२० मध्ये त्याची ही पहिली कादंबरी आली. इंग्लंडमधल्या केंटमध्ये कूपर्स चेस नावाची वसाहत, पूर्वी तिथे नन्सचा कॉन्व्हेंट होता आणि त्यांची दफनभूमी अजून तिथेच आहे. तिथे चौघं दर गुरुवारी जमून पोलिसांना न सुटलेल्या जुन्या खुनांच्या फायली बघत बसतात. एलिझाबेथ गुप्तहेर खात्यातली, जॉयस नर्स होती, रॉन कामगार पुढारी, इब्राहिम मानसोपचारतज्ज्ञ. कुणी मध्येच येऊन डोकावू नये म्हणून खोलीचं बुकिंग ते 'जपानी ऑपेरा' या विषयावरच्या चर्चेच्या नावाने करतात! हे वाचलं तेव्हाच मी या लोकांच्या प्रेमात पडले. मग वसाहतीशी संबंधित एका बिल्डरचा खरोखरचा खून होतो आणि यांना जिवंत केस मिळते.

आता सिनेमातलं चांगलं आधी सांगते, कारण ते मनापासून आवडलंय. एलिझाबेथच्या भूमिकेत हेलन मिरेन आहे आणि तिच्या नवऱ्याच्या, स्टीफनच्या भूमिकेत जोनाथन प्राइस. स्टीफनला स्मृतिभ्रंश आहे, आधी खूप विद्वान माणूस, आता कधी सगळं लख्ख आठवतं आणि कधी दिवसच हरवतो. या दोघांचे एकत्र जेवढे प्रसंग आहेत ते बघताना पुस्तक बाजूला ठेवून नुसतं बघत राहावंसं वाटतं, ती त्याच्याकडे बघते ना, तो आज कुठला स्टीफन आहे हे एका नजरेत चाचपून घेते, त्याला संवादाची गरजच नाही. सीलिया इम्रीची जॉयस तर पुस्तकातून उठून आल्यासारखी. बेन किंग्जलीचा इब्राहिम नीटनेटका आणि हळवा, त्याला काम कमी दिलंय एवढीच तक्रार. पिअर्स ब्रॉस्ननचा रॉन मात्र मला नाही पटला, माणूस गुणी आहे पण संपाच्या रांगेत उभं राहून घसा बसवलेला पुढारी त्याच्यात दिसत नाही, बरेच लोक हेच म्हणतात आणि मला ते बरोबर वाटतं. वसाहत एखाद्या उमरावाच्या वाड्यासारखी दिसते अशीही तक्रार ऐकली, तीही खोटी नाही, पुस्तकातली जागा चांगली आहे पण पेन्शनवर जगणाऱ्या माणसांची वाटते.

पण वाचकांची मुख्य तक्रार कापाकापीची असते. वसाहतीतल्या बर्नार्डचं दुःख गेलं, फादर मॅकीचं जुनं प्रेम गेलं, जॉयसची डायरी गेली. यात बर्नार्ड आणि फादर मॅकीच्या बाबतीत मी दिग्दर्शक ख्रिस कोलंबसच्या बाजूने आहे. दोन तासांच्या सिनेमात चार म्हातारे, दोन पोलीस, दोन खून, एक जुनी केस आणि वर आणखी दोन माणसांची पूर्वायुष्यं घातली असती तर कोण कोण आहे तेच कळलं नसतं. कादंबरीत वाचक दोन पानं मागे जाऊन बघू शकतो. सिनेमात प्रेक्षक शेजारच्याला विचारतो "हा कोण गं?" आणि तेवढ्यात पुढचं निसटतं. सहा भागांची मालिका केली असती तर सगळं मावलं असतं हेही खरंय आणि मला स्वतःला तेच आवडलं असतं, पण त्यांनी सिनेमा करायचं ठरवलं म्हटल्यावर कात्री लागणारच.

जॉयसच्या डायरीचं नुकसान मात्र मोठं आहे. पुस्तकात मधून मधून तिची डायरी येते आणि ती बाई खुनाबद्दल लिहिता लिहिता केकवर जाते, केकवरून मुलीवर, मुलीवरून गेलेल्या नवऱ्यावर, आणि तिथे एखादंच वाक्य असं टाकते की वाचणारा थबकतो आणि ती पुन्हा केकवर आलेली असते. पुस्तकाचा सगळा सूर त्या डायरीत आहे. तसंच एलिझाबेथचं एक, ती स्वतःच्या डायरीत दोन आठवडे पुढच्या पानावर एक प्रश्न लिहून ठेवते, म्हणजे अमकीच्या सुनेच्या गाडीचा नंबर काय असा साधा, आणि तो दिवस आला की उत्तर आठवतंय का ते बघते. घरात नवऱ्याची स्मरणशक्ती रोज थोडी थोडी जातेय आणि ही बाई गुपचूप स्वतःची परीक्षा घेतेय. कॅमेऱ्याला असलं काही पकडणं अवघड असतं हे मान्य, पण अशक्य नसतं.

आता मूळ मुद्दा. बोगदान. पोलंडहून आलेला, बांधकामावर काम करणारा, कमी बोलणारा तरुण. पुस्तकात टोनी करन नावाच्या गुंड बिल्डरचा खून त्यानेच केलेला असतो, पूर्वी मारल्या गेलेल्या आपल्या मित्रासाठी, थंड डोक्याने, ठरवून. आणि हे तो कबूल करतो कुणाजवळ, तर स्टीफनजवळ, बुद्धिबळ खेळता खेळता. ज्याला उद्या काय आठवेल याची खात्री नाही असा माणूस त्या एका संध्याकाळी सगळं ओळखतो, सरळ विचारतो, उत्तर ऐकतो, आणि खेळ पुढे चालू राहतो. पोलीस बोगदानपर्यंत पोचत नाहीत. तो पुढच्या पुस्तकांत येत राहतो, त्या म्हाताऱ्यांच्या घरातलाच होऊन जातो, आणि वाचणाऱ्याला तो आवडत राहतो, आणि त्याने खून केलाय हेही वाचणारा विसरत नाही. ही अडचण लेखकाने मुद्दाम आपल्या पदरात टाकलीय.

सिनेमात काय केलं? त्याचा पासपोर्ट टोनीने दाबून ठेवलेला, आई आजारी, त्याला घरी जायचंय, पासपोर्ट मागायला गेला आणि झटापटीत टोनी मेला. म्हणजे आधी त्याला बिचारा करून टाकला. मग बुद्धिबळाच्या पटावर तो स्टीफनजवळ बोलतो ते स्टीफन रेकॉर्ड करतो, आणि त्याला अटक. मला हे बघून अक्षरशः वाईट वाटलं. परदेशातून आलेल्या कामगारांची पिळवणूक दाखवायची होती तर जरूर दाखवा, तो खरा विषय आहे, पण ज्याची पिळवणूक झाली, ज्याच्या हातून अपघाताने मृत्यू झाला, तोच शेवटी बेड्या घालून जातो आणि आपण त्यावर हळवं व्हायचं? पुस्तकातला बोगदान कुणाची दया मागत नाही, तो स्वतःच्या कृत्याचा मालक आहे. आणि स्टीफनचं तर त्याहून वाईट केलं. विश्वासाने सांगितलेलं पोटात ठेवणारा माणूस होता तो, सिनेमाने त्याला पुरावा गोळा करणारा केलं.

काही जण म्हणतात की खुनी मोकळा सुटला असता तर प्रेक्षकांना चाललं नसतं. का नसतं चाललं? रहस्यकथा वाचणाऱ्यांना हे शंभर वर्षांहून जास्त काळ चालतंय. कॉनन डॉइलच्या निळ्या माणकाच्या गोष्टीत, १८९२ ची आहे ती, शेरलॉक होम्स चोराला पकडतो आणि दार उघडून सोडून देतो. अगाथा ख्रिस्तीची 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस' कादंबरी १९३४ ची, तिच्या शेवटी डिटेक्टिव्ह पॉयरो पोलिसांसाठी खोटं उत्तर पुढे ठेवतो, आणि १९७४ च्या सिनेमाने तो शेवट तसाच ठेवला आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. या प्रकारच्या कथांत रक्त कमी असतं, चहा-केक असतो, माणसं भली असतात, म्हणून त्या गुळगुळीत असतात असा समज झालाय. उलट आहे. कायदा एक म्हणतो आणि मन एक म्हणतं ही गोष्ट त्या कथा चहाच्या टेबलावर आणून ठेवतात, आवाज न चढवता.

आणि याच सिनेमाने दुसऱ्या एका ठिकाणी ही हिंमत दाखवलीय, म्हणून जास्त टोचतं. एलिझाबेथची मैत्रीण पेनी, एकेकाळची पोलीस अधिकारी, कोमात पडून आहे, नवरा जॉन तिच्या उशाशी बसलेला असतो. त्या दोघांचा शेवट सिनेमाने बदललेला नाही. एलिझाबेथला त्या दोघांच्या हातून झालेले खून कळलेले असतात आणि तरी ती जॉनला पेनीजवळ एकटं राहू देते, तो तिचं आणि स्वतःचं आयुष्य संपवणार हे माहीत असून. तो प्रसंग खूप चांगला झालाय. म्हणजे वसाहतीतल्या सभ्य इंग्रज म्हाताऱ्याला स्वतःचा निर्णय घ्यायची मुभा आहे आणि पोलिश मजुराला नाही. कुणी असं ठरवून केलं असेल असं मी म्हणत नाही, पण पडद्यावर दिसतं ते हेच.

पुस्तकापासून फारकत घेणं वाईट असंही माझं म्हणणं नाही. अगाथा ख्रिस्तीच्या '४.५० फ्रॉम पॅडिंग्टन' मध्ये गाडीतून खून बघते मिस मार्पलची, म्हणजे खुनांचा छडा लावणाऱ्या म्हाताऱ्या बाईची, मैत्रीण, आणि त्या घरात कामाला राहून शोध घेते एक तरुण मुलगी. १९६१ च्या सिनेमात ही दोन्ही कामं मिस मार्पललाच देऊन टाकली, मार्गारेट रदरफोर्डला, आणि तिने धमाल उडवली. पुस्तकातल्या मार्पलशी तिचं काही साम्य नाही पण सिनेमा स्वतःच्या पायावर उभा आहे. (त्यातच एका छोट्या भूमिकेत जोन हिक्सन आहे, जिने पुढे १९८४ ते १९९२ मध्ये बीबीसीसाठी मार्पलच्या बाराही कादंबऱ्या केल्या आणि त्या पुस्तकाच्या किती जवळ आहेत हे बघितलेल्यांना सांगायला नको.) दोन्ही चालतं. बदलाने गोष्टीत काही भर पडली पाहिजे एवढंच. इथे बोगदानला आत टाकून काय भर पडली? पोलिसांच्या वहीत दोन खुनांसमोर बरोबरच्या खुणा झाल्या.

पुढचा सिनेमा येणार का ते येईल तेव्हा कळेल, पण आला तर बोगदानचं काय करणार? पाच पुस्तकं झालीत मालिकेची २०२५ पर्यंत. पुढच्या पुस्तकांत डोना या तरुण पोलीस बाईशी त्याचं नातं जुळतं, स्टीफनबरोबर तो बुद्धिबळ खेळत राहतो आणि त्याचं कमी कमी होत जाणारं आठवणं शांतपणे सांभाळतो. चौथ्या पुस्तकात तर त्याचं असणं किती लागतं ते वाचलेल्यांना माहीत आहे.

ज्यांना सिनेमा आवडला त्यांच्याशी माझं भांडण नाही, त्यांना जी माणसं आवडली ती आवडण्यासारखीच आहेत. त्यांनी पुस्तक जरूर वाचावं. आणि संपादक महोदय, आपल्याला एक विनंती, पुस्तकावरून केलेल्या सिनेमाचं परीक्षण शक्यतो ते पुस्तक वाचलेल्या माणसाकडून लिहून घ्यावं आणि काय कापलं यापेक्षा काय बदललं आणि त्याने माणसं कशी बदलली हे त्यात यावं. सिनेमात बोगदान आणि स्टीफन बदलले आहेत, आणि पुस्तक न वाचलेल्या प्रेक्षकाला ते कळायला दुसरा काही मार्ग नाही.

आपली,
एक वाचक