बारावीनंतरची ‘नर्सिंग’ आणि गावाकडच्या पोरी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बारावीचा निकाल लागला की आमच्या तालुक्याच्या एसटी स्टँडवर नवे फ्लेक्स चढतात. ‘मुलींनो, एका वर्षात नर्स व्हा. बारावी पास-नापास दोघींना प्रवेश. शंभर टक्के नोकरी.’ ऑटोच्या मागेही तेच लिहिलेलं असतं. यंदाही चढले आहेत आणि म्हणूनच हे पत्र उशीर न करता लिहिते आहे, कारण प्रवेश आत्ताच सुरू आहेत आणि पैसे आत्ताच भरले जात आहेत.

मी यवतमाळ जिल्ह्यात 33 वर्षं आरोग्यसेविका होते. 1984 साली प्रशिक्षणाला गेले तेव्हा आमचा कोर्स दीड वर्षाचा होता. बाळंतपणाच्या नोंदवहीत एकेका बाळंतपणापुढे सिस्टर ट्यूटरची सही लागायची. सही नाही तर ते बाळंतपण तुम्ही केलंच नाही असं धरायचे. तेव्हा त्याचा फार राग यायचा. पुढे उपकेंद्रात रात्री दोन वाजता कंदिलाच्या उजेडात एकटी असताना हात थरथरले नाहीत, ते त्या सह्यांमुळे.

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी अशाच एका संस्थेत शिकली. तिच्या बापाने तूर विकून आणि थोडे उसने घेऊन 55 हजार भरले. कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक हॉल, आठवड्यातून तीन दिवस दोन-दोन तास वर्ग, एक प्लास्टिकचा हात आणि एक आकडे दाखवणारं बीपीचं मशीन. वर्षाअखेर सोनेरी काठाचं प्रमाणपत्र मिळालं. त्यावर ‘नर्सिंग’ हा शब्द सगळ्यात मोठा, ‘असिस्टंट’ त्याच्या खाली बारीक. नोंदणी क्रमांकही होता. मी चष्मा लावून नीट वाचला. तो संस्था नोंदणीचा क्रमांक होता. सोसायटी म्हणून नोंद झालेल्या कुठल्याही मंडळाला असा क्रमांक मिळतो, गणेश मंडळालासुद्धा. दुसरा आयएसओचा, म्हणजे संस्थेच्या कामकाजाच्या दर्जाच्या प्रमाणपत्राचा. यातल्या एकाचाही परिचर्येच्या मान्यतेशी संबंध नाही.

“मावशी, मले तर त्यायनं नर्स म्हनूनच सांगतलं होतं,” ती म्हणाली. तिची यात काय चूक? बाराव्या वर्गापर्यंत तिला कोणत्याही शिक्षकाने, कोणत्याही कार्यालयाने नर्स आणि असिस्टंट यांतला फरक सांगितलेला नाही. म्हणून तो मी इथे सांगते. नर्स म्हणून काम करायला महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी लागते. ती मिळते एएनएमचा (सहायक परिचारिका-प्रसाविका) दोन वर्षांचा कोर्स, जीएनएमचा (सामान्य परिचर्या आणि प्रसाविका) तीन वर्षांचा किंवा बी.एस्सी. नर्सिंगची चार वर्षं पूर्ण केल्यावर. बारावी नापास मुलीला यांपैकी कुठेही प्रवेश नाही. ‘नापासही चालेल’ आणि ‘नर्स’ हे दोन शब्द एकाच फ्लेक्सवर दिसले तर तिथेच मागे फिरावं.

वैद्यकीय सहायक, म्हणजे दवाखान्यातली मदतनीस, हे वेगळं काम आहे. ते हलकं काम आहे असं मी अजिबात म्हणत नाही. सरकारच्या कौशल्य प्रशिक्षणात ‘जनरल ड्यूटी असिस्टंट’ नावाचा काही महिन्यांचा कोर्स आहे. त्यात पेशंटला अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलून देणं, स्ट्रेचरवर घेणं, बेडपॅन देणं, ताप-नाडी-श्वास मोजून लिहिणं आणि काही बिघडतंय असं दिसताच वरच्या माणसाला सांगणं, हे शिकवतात. सलाईन लावणं, इंजेक्शन देणं त्या कामात येत नाही. लकवा मारलेल्या म्हाताऱ्याची कूस दर दोन तासांनी बदलणारी मुलगी मिळाली तर त्याच्या पाठीला जखमा होत नाहीत. अशा मुली तालुक्याच्या प्रत्येक दवाखान्याला हव्या आहेत. मग ते काम त्याच्या खऱ्या नावाने शिकवायला अडचण काय?

भाचीला एका खासगी दवाखान्यात नोकरी लागली, एवढं त्या फ्लेक्सवरचं खरं ठरलं. महिना साडेचार हजार, बारा तासांची ड्यूटी, आठवड्यात चार रात्री. पहिल्याच आठवड्यात तिच्या हातात सुई दिली. एका रात्री तिने अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिलं आणि पाच मिनिटांत त्या बाईच्या अंगावर गांधी उठल्या, श्वास घेता येईना. ही पोरगी वरच्या मजल्यावर डॉक्टरांना उठवायला धावली. त्यांनी येऊन अ‍ॅड्रेनॅलिन दिलं म्हणून ती बाई वाचली. जीव वाचवणारं ते इंजेक्शन दवाखान्यात कुठे ठेवतात हे भाचीला तोवर कुणी दाखवलंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी नातेवाईक भांडायला आले तेव्हा तिला सांगण्यात आलं की, तुझं नाव आमच्या स्टाफच्या यादीत नाही, तू घरी जा.

ती आमच्याकडे राहायला आली तेव्हा मी तिला विचारलं, माझा बीपी घेतेस का? माझं जुनं पाऱ्याचं यंत्र अजून आहे. तिने ब्लाउजच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळला. मी पलंगावर पाय लोंबकळत बसलेली, ती माझ्याशी बोलतेय आणि मी उत्तरं देतेय. स्टेथोस्कोप कुठे ठेवायचा ते तिला ठाऊक नव्हतं, कारण संस्थेतलं मशीन स्वतःच आकडा दाखवायचं. मी तिला शिकवलं. पाच मिनिटं शांत बसवायचं, पाठीला टेका, पाय जमिनीला, दंड उघडा आणि हृदयाच्या उंचीवर, मोजताना दोघांनीही गप्प. तिने तिसऱ्यांदा बरोबर मोजला आणि रडायला लागली. म्हणाली, एवढंच तर होतं, मग वर्षभर हे काहून नाही शिकवलं?

मग मी विचारलं, फवारणीचा पेशंट आला तर आधी काय करशील? “सलाईन लावीन.” 2017 मध्ये आमच्याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. दरवर्षी पावसाळ्याच्या शेवटी असे पेशंट अजूनही येतात. घाम, लाळ, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. औषध कोणतं द्यायचं ते डॉक्टर ठरवतील. पण हातमोजे घालून अंगावरचे भिजलेले कपडे काढणं, साबण-पाण्याने अंग-केस धुणं, एका कुशीवर वळवून तोंडातली लाळ बाहेर येऊ देणं, हे सहायकाचं काम आहे, कारण कपडे अंगावर असेपर्यंत विष कातडीतून आत जातच राहतं. हे तिला माहीत नव्हतं. यवतमाळ जिल्ह्यात शिकवला गेलेला कोर्स आणि त्यात फवारणी नाही! सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही त्यात नव्हता. विदर्भात हाडं ठणकताहेत म्हणून कळवळत येणारं पोर सिकलसेलचं असू शकतं, त्याला ऊब आणि पाणी लागतं आणि ते नाटक करत नसतं, हे दवाखान्याच्या दारात बसलेल्या मुलीला आधी कळायला हवं, कारण पेशंट आधी तिलाच भेटतो.

आणखी एक गोष्ट सांगते, ती मला सगळ्यात जास्त लागली. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावताना तिच्या बोटाला दोनदा टोचलं होतं. टोपण लावायचंच नसतं, सुई थेट न फाटणाऱ्या पांढऱ्या डब्यात जाते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. हिपॅटायटिस बीची लसही तिला दिलेली नव्हती. रक्ताशी संबंध येणाऱ्या प्रत्येकाने आधी तीन डोस घ्यायचे असतात. मी तिला घेऊन तपासणीला गेले. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस बहिणीच्या घरी कुणी नीट जेवलं नाही. रिपोर्ट चांगला आला. पण माझ्या मनात त्या वर्गातल्या बाकीच्या तीस-पस्तीस पोरी आहेत.

कुणी म्हणेल, खेड्यात पूर्ण शिकलेली माणसं कुठून आणायची? कमी शिकलेल्यांकडूनच काम करून घ्यावं लागणार. हे मलाही मान्य आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने हेच केलं. 39 गावांत गावातल्याच, थोडंफार शिकलेल्या बाया आरोग्यदूत म्हणून निवडल्या. त्यांना बाळाचं वजन करायला, ऊब द्यायला, श्वास मोजायला, जंतुसंसर्ग ओळखायला आणि ठरलेल्या नियमाने इंजेक्शन द्यायलाही शिकवलं. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाल्याचं 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्यांच्याकडचं एक साधन मला फार आवडतं. ज्या बाईला मोठे आकडे मोजता येत नाहीत तिच्यासाठी एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. पुढे 2011 पासून नवजात बाळाच्या घरी जाण्याचं हे काम देशभरातल्या आशाताई करू लागल्या. तिथे शिकवणारा माणूस पुन्हा पुन्हा गावात येत होता, बाईचे हात बघत होता, चुकलं तर दुरुस्त करत होता. आमच्या तालुक्याच्या हॉलमध्ये एक वर्षात एकही खरा पेशंट दाखवला गेला नाही.

कायदाही काही सांगतो. 2021 मध्ये संसदेने लॅब, ऑपरेशन थिएटर वगैरे संलग्न आरोग्यसेवांच्या शिक्षणासाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात तंत्रज्ञाच्या पदविकेला किमान 2000 तास लागतील असं लिहिलं आहे. भाचीच्या वर्षभराच्या वर्गांचा हिशेब मी मांडला. आठवड्याला सहा तास, सुट्ट्या धरल्या नाहीत तरी 312 तास. अशाच हॉलमधून ‘लॅब टेक्निशियन’ आणि ‘ओटी टेक्निशियन’ही निघत आहेत. त्यांनी तपासलेल्या रक्तावर आपल्या माणसांचे उपचार ठरतात.

जिल्हा प्रशासनाकडे माझं मागणं फार मोठं नाही. जिल्ह्यात कोणकोणत्या संस्थांना कोणत्या कोर्सची मान्यता आहे, जागा किती, फी किती, ही एक पानाची यादी निकालाच्या आधी प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावी. सहायकांच्या मान्य कोर्सेसना ग्रामीण रुग्णालयात वॉर्ड उघडून द्यावा आणि तिथल्या सिस्टरची सही प्रत्येक कामापुढे असावी, आमच्या वेळेसारखी. ज्या शेकडो मुली आज अशी अर्धी कामं शिकून दवाखान्यांत राबत आहेत त्यांना हाकलून देऊ नये. अनुभव तपासून प्रमाणपत्र देण्याची सोय कौशल्य योजनेत आहे, ती तालुक्याला आणावी, राहिलेलं शिकवावं, लस टोचावी.

आणि एक मागणं तुमच्याकडे. अशा संस्थांच्या जाहिराती तुमच्या जिल्हा पुरवणीतही येतात. भाचीच्या बापाने ती संस्था तिथेच पाहिली होती, ‘पेपरात आलं म्हणजे खरंच असंन’ म्हणून पैसे भरले. नर्सिंगची जाहिरात घेताना परिचर्या परिषदेच्या मान्यतेचा क्रमांक मागावा आणि तो जाहिरातीत छापावा. ज्याच्याकडे तो नसेल त्याने ‘नर्स’ हा शब्द वापरू नये, एवढी अट तुम्ही घालू शकता.

भाचीने एएनएमचा अर्ज भरला आहे. ती 21 वर्षांची आहे. घरच्यांना पुन्हा पैशांची जुळवाजुळव करावी लागणार, पण या वेळी संस्थेची मान्यता मी स्वतः तपासली आहे. आमच्या गावचा बाजार मंगळवारी असतो. त्या दिवशी सकाळी दहा ते एक मी घरीच असते. माझा पत्ता तुमच्या कार्यालयात दिला आहे. कुणाही मुलीने पैसे भरण्याआधी संस्थेचं माहितीपत्रक घेऊन यावं, मी तिच्याबरोबर बसून वाचून देईन. बीपीचं यंत्रही घरातच आहे.

आपली,
एक सेवानिवृत्त आरोग्यसेविका
जि. यवतमाळ