अंकुशच्या कोर्सचं काय करायचं

जळगाव

प्रिय सुन्या,

दिवाळीपासून पत्र नाही, धड फोन नाही, म्हणून रागावला असशील. रागव, पण आधी हे वाच. अंकुशने पर्सनल ट्रेनरच्या कोर्सचे १५,००० भरून टाकले, घरात कोणाला न विचारता. उरलेले २५,००० सोमवारी द्यायचेत. माझं बोलणं त्याला काकाचं लेक्चर वाटतं, तुझं तो ऐकतो. आई बरी आहे, माझी पाठही ठीक.

कोर्स म्हणजे दोन दिवसांची कार्यशाळा, मग त्याच संस्थेची परीक्षा आणि त्याच संस्थेचं ‘आंतरराष्ट्रीय’ सर्टिफिकेट. शिकवणारा तोच, पेपर तपासणारा तोच, पैसे घेणाराही तोच. मग नापास कोण करणार भो? त्याला एवढंच विचार, या कागदामागे बाहेरचं कोण उभं आहे? फिटनेस ट्रेनरची सरकारमान्य पात्रता असेल तर ती नॅशनल क्वालिफिकेशन्स रजिस्टर या सरकारी यादीवर कोडसकट दिसते. परदेशी म्हणत असतील, तर एसीई, एनएएसएम, एसीएसएम, एनएससीए या अमेरिकन संस्थांच्या ट्रेनर परीक्षांना तिथल्याच एनसीसीए या परीक्षा पारखणाऱ्या मंडळाची मान्यता आहे. ती यादीही कोणालाही बघता येते. दोन्हीकडे नाव नसेल तर पुढचे पैसे द्यायचेच नाहीत.

तू आता पतियाळा म्हणशील, माहीत आहे. कॉलेजपासून तुझं तिथल्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचं, एनआयएसचं, पालुपद चालू आहे आणि आपलं तेवढ्यावरूनच सगळ्यांत जास्त वाजलंय. एनआयएस मोठीच आहे, पण तिथे खेळाचा कोच घडतो. बी.पी.एड. केलं तर शाळेत पीटी शिकवता येते. सराफ बाजारातला बावन्न वर्षांचा गृहस्थ बीपीची गोळी खाऊन सकाळी जिममध्ये येतो, त्याला व्यायाम कसा द्यायचा हे वेगळं शिकावं लागतं. त्या गोळ्यांत बीटा-ब्लॉकर, म्हणजे हृदयाची गती कमी ठेवणारं औषध, असेल तर नाडी हवी तेवढी वाढत नाही, मग पल्स बघून दिलेला जोर फसवा ठरतो. तिथे माणूस बोलता बोलता किती धापा टाकतो ते बघायचं. इन्सुलिन घेणारा असेल तर साखर एकदम उतरू शकते, म्हणून ग्लुकोज हाताशी हवंच. दोन दिवसांत यातलं काय शिकवणार?

मला खरी काळजी हीच आहे. अंकुशचं शरीर बघून लोक त्याच्याकडे येतील. स्क्वॅट करताना एखाद्याच्या टाचा उचलल्या गेल्या, गुडघे आत वळले, तर तो ‘खाली जा, अजून खाली’ म्हणत राहील. बऱ्याचदा घोटा ताठर असतो. वजन कमी करायचं, टाचांखाली अडीच किलोच्या प्लेट ठेवायच्या, डंबेल छातीशी धरून बसवायचं आणि वेगळा वेळ काढून घोट्यावर काम करायचं. हे पुस्तकात असतं, पण डोळा तयार व्हायला जुन्या ट्रेनरशेजारी दोन-तीन महिने उभं राहावं लागतं.

एसीई करायचं ठरलं तर १८ वर्षं पूर्ण आणि सीपीआर-एईडीचं, म्हणजे हृदय बंद पडलं तर छाती दाबण्याचं आणि शॉकचं यंत्र वापरण्याचं, सर्टिफिकेट लागतं. १५० प्रश्न, तीन तास. फी डॉलरमध्ये, शिवाय दर दोन वर्षांनी २० तासांचं शिक्षण दाखवून नूतनीकरण. पुस्तक जाडजूड इंग्रजी आहे आणि त्याचं इंग्रजी तुला माहीत आहे, दोघे मिळून रोज दहा पानं वाचा. सीपीआर मात्र नुसता व्हिडिओ बघून नको. मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, हे पुतळ्यावर केल्याशिवाय अंगात येत नाही. आणि पावडर विकून कमिशन, इंजेक्शनचे सल्ले, यांत त्याने पडू नये, हे तूच ठणकावून सांग. मधुमेह्याला डाएट चार्ट लिहून देणं ट्रेनरचं काम नाही.

वैशालीच्या बदलीचं काय झालं? नवीन घराचे हप्ते सुरू झाले का? पोराला आशीर्वाद. थंडीत भरीत-पुरीला या, तुझ्यासाठी वांगी दुप्पट घेईन, मागच्या वेळी आम्हाला काही उरलंच नव्हतं.

भरलेले पैसे परत मागायचा अर्ज त्याला लेखी द्यायला लाव, पावतीची झेरॉक्स जोडून. रविवारी फोन कर, दहानंतर; त्याआधी तो झोपलेला असतो.

तुझा,
राजू