तान्ह्या पोळ्याची झूल पोरांनाच शिवू द्या

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

तान्हा पोळा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं आपले लाकडी बैल सजवून नेतात तो सण, यायला अजून महिना-दीड महिना आहे, पण पत्र आत्ताच लिहून राहिली आहे, कारण शेवटच्या आठवड्यात कोणालाच वेळ नसतो, सगळे महालात नाहीतर बर्डीवर बाजारात जातात, बैलाची रेडिमेड झूल घेतात आणि विषय संपतो. मागच्या वर्षी आमच्या घरी झूल विकत आणली नाही. माझ्या मुलाने स्वतः शिवली, तेव्हा तो सात वर्षांचा होता. ती कशी शिवली ते सांगते आणि मग आपल्या पेपरमधून तान्हा पोळा भरवणाऱ्या मंडळांना एक विनंती करायची आहे.

सुरुवात मे महिन्यात झाली. नागपूरचा उन्हाळा सगळ्यांना माहीत आहे, पारा ४५ च्या घरात, दुपारी पोराला बाहेर सोडायची सोय नाही, घरात कूलरसमोर बसून नुसता मोबाईल. एक दिवस मी ह्यांच्या शर्टाचं बटण लावत होती तर तो बाजूला येऊन बसला आणि म्हणाला मला दे. मी एकदम नाही म्हणाली, सुई आहे, टोचेल. नंतर वाटलं, मोबाईल बिनधास्त देतो आपण आणि सुईला घाबरतो.

पहिले सुई दिलीच नाही. घरात लग्नपत्रिका खूप पडल्या होत्या, एकीच्या जाड पुठ्ठ्याला दाभणाने भोकं पाडली आणि बुटाची लेस दिली. वरून खाली, खालून वर. आपल्याला हे इतकं सोपं वाटतं पण तो प्रत्येक वेळी पुठ्ठ्याच्या काठावरून फिरवून लेस परत वर आणायचा, म्हणजे टाका व्हायच्या ऐवजी वेटोळे. दोन दिवस गेले यात. मग एका दुपारी त्याला आपोआप कळलं की खालून पुढच्या भोकातून यायचं असतं, आणि त्यानंतर त्याने पाच पत्रिका संपवल्या. मग ज्यूटच्या बोऱ्याचा तुकडा आणि लोकरीची बोथट सुई, ज्याचं नेढं मोठं असते. बोऱ्याचं विणकाम सैल असल्यामुळे सुई सहज जाते आणि रेघ पण दिसते. साध्या कापडावर आलो ते जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी.

एक गोष्ट मुद्दाम सांगते कारण कोणाच्या तरी कामी पडेल. माझा मुलगा डावखुरा आहे. मी त्याच्या बाजूला बसून दाखवत होती आणि सगळं उलटं होत होतं, तो चिडायचा, मी चिडायची. सासूबाई पलंगावरून पाहत होत्या, म्हणाल्या, "अगं तू त्याच्या समोर बस ना." समोर बसली तर माझा उजवा हात त्याला आरशातल्यासारखा दिसतो, तो डाव्या हाताने तसंच करतो. चार दिवसांचा प्रॉब्लेम दोन मिनिटांत सुटला.

खरी सुई दिली तेव्हा नियम एकच ठेवला, बसताना सुया मोजायच्या आणि उठताना मोजायच्या, एक कमी असेल तर कोणीच उठायचं नाही. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक ठेवलं आहे, फरशीवर फिरवलं की पडलेली सुई चिकटते. सुया टोचायला आजीची छोटी उशी आहे, तिच्यात विंचरलेले केस भरले आहेत, तेलकट केसांमुळे सुईला गंज धरत नाही असं त्या सांगतात. बोटाला टोचलं का, तर हो, टोचलं. पहिल्या वेळी रडला. दुसऱ्या वेळी रक्ताचा थेंब पाहिला, बोट तोंडात घातलं आणि मला न सांगता पुढचा टाका घेतला.

आणि दोरा! त्याला लांबच लांब दोरा पाहिजे, म्हणजे परत परत ओवायला लागू नये, आणि दर चौथ्या टाक्याला गुंता. मी दहा वेळा सांगून फरक पडला नाही, स्वतः अर्धा तास गुंता सोडवला तेव्हा पडला, आता बोटापासून कोपरापर्यंत मोजतो, दुहेरी करायला तसाच अजून एकदा, आणि तोडतो.

झुलीसाठी कापड आमच्या टेलरकाकांनी दिलं, ब्लाउजचं उरलेलं लाल, आणि थोडं हिरवं. बैलाच्या पाठीवर जुना पेपर ठेवून माप कापलं, कापडावर साबणाच्या उरलेल्या चिपटीने रेघ मारली, काठ दुमडून धावदोरा. रोज शाळेतून आल्यावर वीसेक मिनिटं, जास्त नाही, कारण थकला की टाके लांब होत जातात आणि मग त्यालाच राग येतो. एकदा मांडीवर ठेवून शिवता शिवता झूल त्याच्या हाफपँटलाच शिवली गेली, उठला तर झूल लटकलेली. मी उसवायला गेली तर म्हणाला, "थांब, मीच उसवतो." गोल टोकाच्या कैचीने एकेक टाका कापत बसला होता.

आता माझी चूक. एका रात्री तो झोपल्यावर मी झूल पाहिली, एक बाजू फारच वाकडी झाली होती, एक टाका तांदळाएवढा तर पुढचा बोटाच्या पेराएवढा. मी ती बाजू उसवली आणि सरळ करून ठेवली, मनात आलं की लोकांसमोर जाणार, जरा बरी दिसावी. सकाळी त्याने हातात घेतली, अंगठा फिरवला आणि म्हणाला, "आई, हे माझे टाके नाहीत." ओरडला नाही, रडला नाही, फक्त झूल डब्यात ठेवून दिली आणि तीन दिवस हात लावला नाही. शेवटी मी सॉरी म्हणाली, माझे टाके त्याच्यासमोर उसवले आणि ती बाजू त्याने परत शिवली, तितकीच वाकडी.

हे फक्त माझ्या घरचं नाही. एका शाळेत कार्यानुभवाला पोरांना रुमालावर भरतकाम आणायला सांगितलं, ओळखीतल्या एका मुलीने स्वतः केलेला नेला तर "घरून नीट करून आण" म्हणून परत पाठवला. मग आईने केला आणि त्याला मार्क मिळाले. त्या लेकराने काय शिकायचं यातून?

आपल्याकडून पाऊणशे किलोमीटरवर वर्धा आहे, तिथेच १९३७ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली होती आणि त्यातून नयी तालीम आली, ७ ते १४ वर्षांच्या मुलांना हाताच्या कामातून शिकवायचं, टकळीवर सूत कातता कातता हिशोब शिकायचा. म्हणजे सात वर्षांचं पोर हाताने काम करू शकते हा विचार आपल्या मातीतलाच आहे. आता २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना १० दिवस सांगितले आहेत, चांगलंच आहे, पण सहावीपर्यंत थांबायचं कशाला. आणि हे गाव तर कापसाचं, १८७७ मध्ये इथे एम्प्रेस मिल सुरू झाली, माझे आजोबा तिथे साच्यावर, म्हणजे यंत्रावर, कामाला होते, आणि त्यांच्या पणतूला बटण लावायला टेलरकडे जावं लागलं तर मला वाईट वाटेल.

शेजारच्या काकू म्हणाल्या पोट्ट्याला काहून शिवणं शिकवते. काकू, आपण शर्ट-पँट शिवायला टाकतो ते टेलर बहुतेक पुरुषच तर आहेत. मुलगी असती तरी शिकवलं असतं, मुलगा आहे तरी शिकवते.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी तो बैल घेऊन चौकातल्या मंदिराजवळ गेला. बक्षीस मोठ्या बैलांना, भरगच्च सजवलेल्यांना मिळालं, त्याचं मला काही नाही, ते बैल खरंच सुंदर होते. पण सजावट कोणी केली हे कोणीच विचारलं नाही. नंतर घरोघरी बोजारा, म्हणजे बैलाच्या नावाने मिळणारे पैसे-खाऊ, मागायला गेला तेव्हा एका घरच्या आजोबांनी विचारलं, "झूल कुठून आणली रे?" तर याने झूल उलटी करून खालच्या गाठी दाखवल्या.

म्हणून मंडळांना हात जोडून विनंती आहे, यंदा एक बक्षीस, छोटं चालेल, पेन्सिलचा डबा चालेल, पोराने स्वतः शिवलेल्या झुलीला ठेवा. खरं-खोटं ओळखायला काही लागत नाही, झूल उलटी करा, ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसल्या की पोराचं काम आहे. आणि पोरालाच विचारा, तो सांगेल कुठे दोरा संपला होता ते. आमच्या नंदनवन भागातल्या मंडळांना सुया, दोरे, चिंध्या लागल्या तर मी देते, दोन-तीन रविवार दुपारी पोरांना घेऊन बसायलाही तयार आहे.

यंदा आमच्याकडे झुलीला आरसे लावायचे ठरलं आहे. आरशाचा टाका मलाच येत नाही, सध्या रात्री सासूबाईंकडून शिकून राहिली आहे.

आपली,
एक वाचक
नंदनवन, नागपूर